कुंपणाजवळचे निळे फूल

आमचे शेजारी रोज सकाळी पूजेसाठी माझ्या बागेतली जास्वंद न विचारता खुडून नेतात. जाताना फाटकाची कडी मात्र आठवणीने लावतात. चैत्रात, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठून आणून कुंपणाजवळ टाकलेल्या मातीत एक रोप आपोआप उगवले आणि त्याला निळी फुले आली. तिथे प्रथमच त्यांचा हात थांबला.

"सर, ह्याचं नाव काय?"

"ठाऊक नाही."

"मंग देवाला कसं वाहू? अनोळखी फूल चालत न्हाई."

मी नाव शोधून सांगण्याचे कबूल केले. तेव्हापासून ते पूजेचे पाणी त्या रोपाच्या मुळाशी घालतात आणि विचारतात, "लागला का पत्ता?"

"अजून नाही," मी हळूच म्हणतो.

त्यांच्या देवाने मला क्षमा करावी. फुले रोपावरच राहावीत म्हणून मी शोधणे सोडून दिले आहे.