अडलं की तेल, पण इथं न्हाई!

मंडळी, दहाही बोटं जागेवर आहेत, म्हणून लिहितेय.

आज पलूसला कॉलेजात गॅस वेल्डिंगचं माझं दुसरंच प्रॅक्टिकल होतं. ऑक्सिजनच्या सिलिंडरला रेग्युलेटर लावताना आटे अडकले. कुंडलला आमच्या आबांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. अडलं की तेल, हेच मी लहानपणापासून शिकलेय. आबांनी सॅकमध्ये टाकलेली तेलाची बाटली काढली आणि झाकण उघडलं.

"ए पोरी, थांब!" सरांनी माझं मनगटच धरलं. "दाबातल्या ऑक्सिजनला तेल लागलं की काडी वढायची बी गरज न्हाई, आपोआप भडकतंय! सगळ्यांना घिऊन गेली असतीस."

मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. सरांनी स्वच्छ कोरड्या फडक्यानं आटे पुसले, तर रेग्युलेटर अलगद बसला.

सुटल्यावर आबांना फोन करून सगळं सांगितलं. ते मधेच ओरडले.

"ठेव फोन. शेजारच्या गॅरेजवाल्याला आत्ताच मी तेल दिलंय. त्येचाबी रेग्युलेटर बसत न्हवता."

दहा मिनिटं मी स्टँडवर नुसती उभी. दोन बस सोडल्या. मग फोन आला.

"आणली गं बाटली माघारी. अजून उघडली न्हवती."

तुमच्या गावात गॅस वेल्डिंग कोण करतं? आजच त्याला एवढं सांगाल?