कूलरमधले तीन भाग

गाजलेल्या पुस्तकाचे पुढचे भाग वाचू नयेत, यावर आमच्या घरात एकमत होतं. (म्हणजे मत माझं होतं, बाकीच्यांना कुणी विचारलंच नव्हतं.)

पुस्तक आमच्या मृण्मयीचं. वय वर्षं अकरा. त्यात एक काचेखालचं शहर आहे. तिथे खिडकी उघडायला बंदी, आणि मुलांनी काय बघायचं, काय वाचायचं, ते मोठ्यांची एक समिती ठरवते. शेवटी रेवा नावाची पोरगी धाकट्या भावाला पाठीवर घेऊन काचेबाहेर पडते आणि पुस्तक खलास! दोघं जगली की नाही, पत्ताच नाही. मृण्मयीने ते सहा वेळा वाचलं, दर वेळी रडली आणि दर वेळी मला विचारलं, "बाबा, तो छोटू जगला असेल ना?"

"जगला असेल."

"नक्की?"

इथे माझी गाडी अडायची.

मग तिला शाळेतून बातमी लागली, की या पुस्तकाचे आणखी तीन भाग आहेत. झालं! घरात दुसरा विषयच नाही.

"पुढचे भाग म्हणजे उरलेल्या तर्रीत पाणी ओतणं," मी बायकोला, सुजाताला, बजावलं. "आणि त्यात तो छोटू मेला असला तर? पोरगी आठवडाभर जेवणार नाही. आधी मी वाचतो. बरे निघाले तर देऊ."

सीताबर्डीच्या बाजारातून तिन्ही भाग आणले, पण लपवायचे कुठे? नंदनवन वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत मृण्मयीला माहीत नाही असा कोपरा नाही. अखेर सापडला. खिडकीतला कूलर! दिवाळीपासून कोरडा ठणठणीत. स्वतःच्या अकलेवर मी इतका खूश झालो, की दोन दिवस उगाचच हसत होतो.

"अहो, फेब्रुवारीत रोज कूलरमंधी डोकं घालून काय करून राहिले?" सुजाताने विचारलंच.

"ताट्यांचं गवत तपासतोय!"

दुसऱ्या भागाच्या पहिल्या साठ पानांत रेवा नाहीच! नवंच शहर, नवीच पोरगी. मला तिथेच झोप लागली. निकाल तयार झाला : वाचण्यालायक नाही. उरलेली दोन पुस्तकं न उघडताच नापास!

मार्चच्या पहिल्या रविवारी ऊन तापलं. आबा, म्हणजे माझे वडील, नरखेडकडचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. कोरडा कूलर त्यांना बघवत नाही. घरच्यांना गार हवेचं सरप्राइज द्यावं म्हणून त्यांनी पाइप लावून कूलर काठोकाठ भरला आणि बटण दाबलं.

"सुनील! हा पाणीच नाही ओढून राहिला गा! याच्या पोटात काही अडकलं!"

मी धावलो. तिन्ही पुस्तकं पावासारखी फुगली होती.

"काहून गा, कूलरमंधी कोणी पुस्तकं ठेवते का?"

"ते नंतर सांगतो! मृण्मयी क्लासवरून यायच्या आत वाळवा!"

गच्चीवर कुरड्यांचं प्लास्टिक अंथरलं. बांधणी सुटलेली पानं त्यावर मांडली, प्रत्येकावर एकेक बटाटा ठेवला. वारा आला आणि अर्धी पानं बटाट्यांना न जुमानता उडाली. तिन्ही भागांची खिचडी! आबा चष्मा लावून पानं लावायला बसले आणि हलायचं नाव घेईनात.

"आबा, वाचू नका, नुसती लावा!"

"लावाले वाचा तर लागते ना!"

तिकडे सुजाताही वाळत घातलेल्या पानांवर वाकून वाचत होती. मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात आबा एक पान नाचवत ओरडले, "अरे, लेकरू जगलं! मोठा होऊन लगन करून राहिला!"

गच्चीच्या दारात मृण्मयी उभी होती, खांद्यावर दप्तर.

"बाबा, ही तुम्ही लपवली होती?"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच. आधी आम्ही मोठ्यांनी बघावं, मग तुला..."

"ती समितीपण असंच म्हणते."

खरंच लाज वाटली मला. ती मात्र आबांजवळ जाऊन बसली आणि ते ओलं पान हातात घेतलं.

"सच्ची जगला, आबा?"

"सच्ची वं माय. तूच वाच."

तिने वाचलं. डोळे भरले होते, आणि पोरगी हसत होती.

नातीने आणि आजोबांनी मिळून ती पापडासारखी कडक झालेली पानं लावली आणि तिन्ही भाग बारा दिवसांत संपवले. मग मृण्मयीने निकाल दिला. दुसरा भाग सुरुवातीला बोअर आहे, पण धीर धरायचा. तिसरा ठीकठाक. "पण चौथा नसता ना बाबा, तर मी आयुष्यभर तुम्हालाच विचारत बसले असते. आणि तुम्हाला तर काहीच माहीत नव्हतं!"

"बरं, मग मला चौथा दे."

"असा नाही मिळणार. आधी दुसरा, मग तिसरा. मी प्रश्न विचारणार."

काल दुसऱ्या भागाची तोंडी परीक्षा झाली. आबा पहिल्या नंबराने पास झाले. मला पुन्हा पहिल्या पानापासून बसवलंय!