करड्या पुठ्ठ्यामागे

गिऱ्हाईक आलं की फोटोवाले काका आधी बायकोला हाक मारत. पुढे स्टुडिओ, मागे घर, मध्ये एक पडदा. काकू हात पुसत बाहेर यायच्या आणि स्टुलावर बसायच्या. गिऱ्हाईक आरशासमोर केस विंचरत असे, तोवर काका काकूंवर दिवे लावून बघत. पहिल्या फोटोत काकू एक करडा पुठ्ठा चेहऱ्यासमोर धरायच्या. त्यावरून कॅमेऱ्याला खरा रंग कळतो. मग पुठ्ठा खाली आणि दुसरा फोटो. काका तो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मोठा करून बघत, मान हलवत आणि दोन्ही फोटो पुसून टाकत. मेमरी कार्डावर गिऱ्हाइकाशिवाय कुणी नको, हा त्यांचा नियम होता. मग काकू उठायच्या, गिऱ्हाईक बसायचं.

"एव्हाना तुमच्या कॅमेऱ्याला माझं तोंड पाठ झालं असेल," काकू एकदा म्हणाल्या.

"पाठ कसलं? लगेच पुसतो ना."

"म्हणजे तुमच्यावरच गेलाय."

मी हसलो. काकाही हसले. साहित्याची पदवी घेऊन मी तेव्हा घरी बसलो होतो. दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. काका माझ्या वडिलांपेक्षा मोठे, पण बोलायचे बरोबरीने. दोघांनाही दुसरं कुणी ऐकणारं नव्हतं.

काकांचा विषय एकच. सेन्सर. कॅमेऱ्याच्या पोटातला तो चपटा तुकडा, ज्यावर प्रकाश पडतो आणि फोटो उमटतो. फोनमधला करंगळीच्या नखाएवढा. काकांच्या कॅमेऱ्यातला मोठ्या पोस्टाच्या तिकिटाएवढा. तो कॅमेरा त्यांनी घराचं छप्पर गळत असताना घेतला होता, आणि काकू ते आल्यागेल्याला सांगत.

कुणी ऐटीत म्हणालं की माझ्या फोनचे मेगापिक्सेल तुमच्या कॅमेऱ्याच्या दुप्पट आहेत, की काका खूश होत. त्यांना तेच हवं असे.

"खोली एवढीशी आणि माणसं दुप्पट कोंबलीत," ते म्हणत. "प्रत्येकाच्या वाट्याला उजेड किती येणार?"

मग गिऱ्हाइकाची सुटका नसे. भर उन्हात छोटा सेन्सरही वेळ निभावून नेतो. खरी परीक्षा अंधाऱ्या खोलीत. तिथे छोट्या सेन्सरच्या हाती उजेड लागत नाही, आणि फोटोत रंगीत दाणे उठतात. फोन ते दाणे पुसायला जातो आणि त्यांच्याबरोबर माणसाची कातडीही पुसतो. उरतो तो मेणाचा बाहुला. मोठ्या सेन्सरला त्याच अंधारात पापणीचा केस दिसतो.

त्यांचा मुलगा पलीकडच्या गल्लीत मोबाइलच्या दुकानात कामाला होता. तो म्हणायचा, "बाबा, आता सेन्सर कोण बघतं? उरलेलं सॉफ्टवेअर बघून घेतं."

"उरलेलं म्हणजे काय रे? जे आलंच नाही, ते?"

हे भांडण रोज जेवताना व्हायचं. ताटावर तरी कॅमेरा आणू नका, असं काकू सांगायच्या. कुणी ऐकायचं नाही.

काकू तापाचं निमित्त होऊन गेल्या. दवाखान्यात नेलं तेव्हा चालत गेल्या होत्या.

भेटायला माणसं येऊ लागली. भिंतीवर आईचा फोटो हवा, असं मुलगा म्हणाला. काका उठले आणि कॉम्प्युटर लावला. मी शेजारी होतो. गावातली सगळी लग्नं त्यात होती. बाळं होती, शाळेतले वर्ग होते, निवृत्त झालेले साहेब होते. काकू नव्हत्या. समारंभात काका फोटो काढायचे तेव्हा काकू बाजूला दिव्याची काठी धरून उभ्या असायच्या. त्यांच्या स्वतःच्या लग्नातला एक फोटो सापडला. त्यात खाली बघणारी एक मुलगी होती. मुलगा म्हणाला, ही कोण, मी ओळखत नाही.

गावात जिचे सगळ्यांत जास्त फोटो निघाले, तिचा ओळखू येईल असा एक फोटो घरात नव्हता. हे तिघांच्याही एकदमच लक्षात आलं.

शेवटी मुलाच्या फोनमध्ये एक निघाला. स्वयंपाकघरात, पिवळ्या बल्बखाली. वाढदिवसाचा केक समोर, मुलाचे मित्र समोर, आणि कडेला शेगडीपाशी वळून हसणाऱ्या काकू. काकांनी तेवढा चेहरा मोठा केला. तो मोठा होता होता फुटला. डोळ्याच्या जागी काही काळपट चौकोन. गालाचं मेण. काकूंचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, हसताना आधी तोच दिसायचा. तिथे नुसता पांढरा पट्टा होता.

"आलंच नाही," काका म्हणाले. "सेन्सरवर जे आलं नाही, ते मी कुठून आणू?"

मग त्यांना ड्रॉवरमधलं बाद केलेलं मेमरी कार्ड आठवलं. पुसलेले फोटो कधी कधी परत मिळतात, हे मुलाला ठाऊक होतं. त्याने ते दुकानात नेलं आणि जेवायलाही घरी आला नाही. संध्याकाळी आला तो लॅपटॉप घेऊनच. पडद्यावर पासपोर्टचे चेहरे ओळीने उभे होते, कान उघडे, नजर समोर. पुष्कळसे अर्धे, खाली करडी पट्टी. कार्डावरही काकूंच्या पुसलेल्या जागेवर पुन्हा पुन्हा गिऱ्हाइकं बसली होती. काकांचा नियम त्यांनी चोख पाळला होता.

काकूंचा एकच फोटो पूर्ण परत आला होता. पहिला. पुठ्ठ्याचा.

चेहऱ्याच्या जागी करडा पुठ्ठा. त्याच्या कडांवर दोन्ही हातांची बोटं. काका तो मोठा करत गेले. तो फुटला नाही. तर्जनीवर विळीने झालेली जुनी खूण. नखाच्या कडेला वाळलेलं पीठ. मनगटावर भाजल्याचा डाग, त्याच्या चुरगळलेल्या कातडीसकट. केसांची एक बट पुठ्ठ्यावरून डोकावत होती, तिच्यातला पांढरा केस वेगळा मोजता आला असता.

"बघ," काका मला म्हणाले. "सावलीतसुद्धा एक दाणा नाही."

आवाजात कौतुक होतं. नेहमीचंच. मग त्यांना ते ऐकू गेलं असावं. ते पडद्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मुलाने केकवाला फोटो एका सॉफ्टवेअरला दिला. चहा होईपर्यंत चेहरा तयार. स्वच्छ, ठसठशीत, पापण्यांसकट. दात सरळ होते. डाव्या भुवईत लहानपणच्या खोकेची फट होती, ती भरून आली होती.

"तुझी आई नाही ही," काका म्हणाले.

"मग तुम्ही द्या. तुमच्या मोठ्या सेन्सरमधून काढून द्या."

फ्रेम मात्र त्यांनीच केली. माप त्यांनाच येत होतं.

येणारी माणसं फोटोसमोर उभी राहत. शेजारच्या मावशी रडल्या. अगदी जशीच्या तशी, म्हणाल्या. त्या काकूंबरोबर रोज बसायच्या. महिना गेला आणि मुलालाही ती तशीच आठवू लागली. एकदा मी त्या दाताबद्दल बोललो. तो म्हणाला, आईचे दात सरळच होते.

पुढे त्याने तो फोटो स्टुडिओच्या काचेत लावला. खाली पाटी, कसाही फोटो आणा, चेहरा करून मिळेल. गर्दी होऊ लागली. लोक फोनमधले गेलेले बाप आणत, भाऊ आणत. काका ते सॉफ्टवेअरला देतात, फ्रेम करतात. एकही गिऱ्हाईक तक्रार करत नाही. मोठा कॅमेरा कपाटात आहे. पुठ्ठ्याच्या फोटोची मोठी प्रत काढून काकांनी गुंडाळून कपाटावर ठेवली. भिंतीवर लावली तर लोक हसतील, असं मुलगा म्हणाला होता.

परवा एक नवखी बाई आली. काचेतल्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. फार प्रेमळ चेहरा आहे, म्हणाली. कोण या?

काका फ्रेमला खिळे मारत होते. मान वर न करता ते म्हणाले, "सॅम्पल आहे."