पाठमोरी मुलाखत

टीव्हीवर बातमी दोन मिनिटांत संपते. ती मिळवताना झालेल्या गमती मात्र कुठेच दाखवत नाहीत. त्या आमच्या कोल्हापूर ब्युरोत साठत जातात. मी तिथली ब्युरो चीफ. हे एकाच बातमीचे किस्से बघा!

*

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत भट्टीवर भाजलेले कामगार कागदावर 'घरी भाजले' असे दाखवतात, अशी टीप मिळाली. कॅमेरामन दिगू आणि मी गिऱ्हाईक बनून मालकाकडे गेलो. दिगूच्या शर्टाच्या बटणात छुपा कॅमेरा!

"अपघात झाला तर आमची ऑर्डर अडकेल का हो?" मी विचारलं.

"छ्या! घरात भाजला म्हणून लिवतो की आमी," मालक खुशाल बोलून गेला.

ऑफिसात फुटेज लावलं. आवाज स्वच्छ, चित्र काळंकुट्ट! आत शिरताच मालकानं "पावणं पहिल्यांदाच आलायसा" म्हणत दिगूला शाल पांघरली होती, आणि या गड्याला ती काढणं बरं वाटेना.

*

मुंबई डेस्क म्हणालं, नुसत्या आवाजावर भागणार नाही, आतला माणूस आणा.

त्याच भट्टीवरचे सर्जेराव तयार झाले. "फकस्त तोंड दावू नका म्याडम. नोकरी गेली तर दोन पोरींची कॉलेजं थांबत्याली." मी शब्द दिला, आणि दिल्यापासून मला त्याची धास्तीच वाटत राहिली.

त्यांना पाठमोरं बसवलं. प्रश्न विचारला की हे वळून थेट लेन्समध्ये! पाच टेक फुकट.

"अहो, वळू नका ना!"

"माणसाकडं पाठ करून बोलायचं व्हय? बरं दिसतंय का ते?"

शेवटी मीच त्यांच्यासमोर, भिंतीला टेकून जमिनीवर बसले.

*

आवाज बदलून बातमी लागली. पाच मिनिटांत सर्जेरावांचा फोन! ओळखलं वाटतं कुणीतरी, म्हणत मी उचलला.

"म्याडम, आवाज लई दमदार केलायसा! माझा खराच असा करून मिळंल काय?"

*

आठवड्यानं पुन्हा त्यांचा फोन. "मुरगूडला या, आमच्या गावाला. लगीच." गेली यांची नोकरी, मी दिगूला म्हणाले.

मुरगूडच्या चौकात भलामोठा फ्लेक्स! सर्जेरावांचा हसरा फोटो, खाली ठळक अक्षरं : 'कारखान्यातलं सत्य टीव्हीवर निर्भीडपणे मांडल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

"अहो, तुम्हाला ओळखलं कुणी?"

"समद्या गावानं! गाव पाठ वळखतंय की."

"आणि नोकरी?"

"शाबूत हाय की! फ्लेक्सचा खर्च कुणी केलाय बघा," म्हणत सर्जेरावांनी फ्लेक्सच्या तळाशी बोट दाखवलं. शुभेच्छुकांच्या रांगेत पहिलाच फोटो होता मालकाचा. हात जोडलेले, गळ्यात हार!