मरणार नाही असा मासा

बीडमधल्या शोभेच्या माशांच्या दुकानात मी नव्या टाकीसाठी मासे निवडत होतो. शेजारी नेकनूरकडचा एक माणूस उभा होता. सदरा धुतलेला, पण दाढीचे खुंट वाढलेले. तो काचेवर बोट टेकवायचा आणि एखादा मासा जवळ आला की चटकन मागे घ्यायचा.

"ह्यातला लई दिवस जगणारा कोणता?" त्याने विचारलं.

दुकानदाराने गोल्डफिश दाखवला, पण खरं तेही सांगितलं. "चाचा, तुमची टाकी नवी आसनार. नव्या पाण्यात पयले मासे कदी कदी मरतात. मेला तर दुसरा न्या."

 माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "घरवाली दिसभर भिंतीकडं बघत बसती. डॉक्टर म्हनले, डोळ्यापुढं काईतरी हलतं ठिवा."

"मग न्या की," मी म्हणालो.

"आमची पोरगी तापानं गेली. तवा घरवालीनं येवढंच इचारलं, दवाखान्यात न्यायला उशीर कावून केला? त्याच्यानंतर बोललीच न्हाई. मासा मेला तर पुन्हा तेच इचारंल."

"विचारू द्या. बोलतील तरी."

"सांगू काय पर? तवाबी माझ्यापाशी जबाब नव्हता."

दुकानदाराने मासा घातलेली पिशवी पुढे केली. माणसाने ती घेतली, उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली आणि हळूच काउंटरवर परत ठेवली. मग तो रिकाम्या हाताने बसस्टँडकडे चालू लागला.