विमाघराची पाटी

“मी तिला कधी काही पुसलं नाही, नुसती पुसत राहिले,” असं ती एकदा सुनेला म्हणाली होती. तिच्या माहेरी विचारण्याला पुसणं म्हणत. सुनेच्या घरी तसं म्हणत नसत. सुनेला वाटलं, सासूबाईंचं बोलणं हल्ली सांधा सुटल्यासारखं झालंय. तिने विषय भाजीवर नेला आणि तो तिथेच राहिला.

ती म्हणत होती ते पाटीबद्दल. विमाघराच्या बोळातली पितळी पाटी.

विमाघर हे त्या इमारतीचं नाव नव्हे, लोकांची सवय. आगबोटींचे विमे उतरवणाऱ्या एका कंपनीने ती बांधली होती. दुसऱ्यांच्या बोटी तारता तारता कंपनी स्वतःच बुडाली, पण नाव तरंगत राहिलं. मग एक बँक आली. बँकेला उजेडाचं वावडं असावं. खालच्या मजल्यावरच्या कमानीच्या खिडक्या तिने विटांनी बुजवल्या आणि वर आणखी एक मजला चढवला. पहिल्यासारखा दगड मिळाला नाही, म्हणून तो मजला अजूनही उसन्या टोपीसारखा दिसतो. बँकेनंतर दोन सख्खे भाऊ मालक झाले. त्यांनी इमारत घेतली आणि तोंडं फिरवली. वाटणी झाली तेव्हा मधल्या रुंद लाकडी जिन्याच्या ऐन मध्यावर फळ्यांची भिंत उभी राहिली. थोरल्याकडे जायचं तर डावीकडून चढा, धाकट्याकडे जायचं तर उजवीकडून. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत दोघांचेही दात पडले होते. निकालात जिंकलं कुणीच नाही, इमारत मात्र तिसऱ्याला विकावी लागली.

या सगळ्यात पाटी जागेवर राहिली. समोरच्या रस्त्यावरून मागच्या बाजारपेठेत जाणारा एक बोळ इमारतीच्या पोटातून गेलेला होता. वर दगडी कमान, खाली झिजलेल्या फरशा, एका भिंतीला लागून अर्ज लिहून देणाऱ्यांची टेबलं आणि त्यांचे टाइपरायटर. पाटी त्यांच्या मागच्या भिंतीत होती, तिच्या हनुवटीच्या उंचीवर.

नवरा गेला तेव्हा तिला या बोळात दिराने आणलं. दीर तिथलाच अर्जवाला. घरात बसून डोळे पुसण्यापेक्षा बाहेर येऊन पितळ पुसा वहिनी, असं तो म्हणाला होता, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन दिवसभर तोंड लपवत फिरला होता. पण काम त्याने मिळवून दिलं. जिन्याचा कठडा, दारांच्या मुठी, पत्रपेटीची झडप आणि ती पाटी. मुलाची शिक्षणं, लग्न, सगळं त्या पितळातून निघालं. दिराने त्याचा उच्चार कधी केला नाही. उच्चार केला असता तर तिला बरं वाटलं असतं. उपकाराला निदान आवाज मिळाला असता.

ती पुसायला लागली ती जीव ओतून. तिच्या हातून कठडा असा निघे की वर जाणारी माणसं त्याला हात लावायला बिचकत. अर्जवाल्यांनी तिचं नाव लखलख मावशी ठेवलं. पाटी तर त्यांचा आरसाच झाली. गिऱ्हाईक येताना दिसलं की एकेकजण मागे वळून केस सारखे करी. दिराला मिशी होती, त्याला दोनदा वळावं लागे.

पाटीवर अक्षरं होती. दाटीवाटीने कोरलेली, वळणदार, जुन्या तऱ्हेची. तिला वाचता येत होतं. रेशनचं कार्ड, देवळाबाहेरचा फळा, मुलाचं प्रगतीपुस्तक, सगळं ती वाचायची. पाटी मात्र वाचली नाही. पाटी हे तिचं काम होतं. भांडी घासताना भांड्यावरचं नाव कोण वाचत बसतं?

अक्षरांचा तिला त्रासच होता. पॉलिश खाचांत अडकून पांढरं सुके आणि पाटी दात न घासलेल्या माणसासारखी दिसे. वरून कुणी साहेब कुरकुरला की बोलणी इमारतीच्या मुकादमाला बसत. मुकादम मऊ माणूस, गुडघ्यांनी आणि स्वभावानेही. त्याने एक दिवस खरखरीत पूड आणून दिली. मावशी, यानं बघा, पण चमकलं पाहिजे हं, असं म्हणाला आणि गुडघे चोळत निघून गेला.

पुडीने पाटी चमकली. आणि मग एका सकाळी, पुष्कळ सकाळींनंतरच्या एका सकाळी, कापड पाटीवरून सरळ गेलं. अडकलं नाही. ती थांबली. बोट फिरवून बघितलं. कोपऱ्यात एखाददुसऱ्या वेलांटीची खूण हाताला लागली, बाकी सगळं पाण्यासारखं सपाट. तेव्हा तिच्या मनात काय आलं हे तिने कुणालाच सांगितलं नाही. तिला हायसं वाटलं होतं. सुटलो एकदाचे, असं. मग त्या उरलेल्या वेलांट्या राहिल्या तर डाग दिसतील म्हणून तिने पुडीची आणखी एक चिमूट घेतली.

भावांकडून इमारत घेतलेल्या नव्या मालकाला बोळाच्या दोन्ही तोंडांना काचेची दारं बसवायची होती. आत गार हवा, खुर्च्या, कुंड्या. इमारतीचं पहिलं वैभव परत आणतोय, असं त्याने छापून आणलं. बुजवलेल्या खिडक्या त्याने खरोखरच उघडल्याही, आणि जिन्यातली फळ्यांची भिंत गेली तेव्हा अर्जवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. मग त्यांना टेबलं हलवायला सांगितलं गेलं.

अर्जवाले नगरपालिकेत गेले. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज लिहिले, आता स्वतःचा लिहायचा तर त्यांच्यात चार मसुदे आणि आठ भांडणं झाली. पण नगरपालिकेच्या दप्तरातून करार निघाला. इमारतीला जागा कमी पडत होती तेव्हा विमा कंपनीने शहराकडून जमिनीचा एक पट्टा घेतला होता. त्या पट्ट्यावर झाडाखाली अर्ज लिहिणारी माणसं बसत. बदल्यात कंपनीने बोळ ठेवायचं कबूल केलं. बोळ कुणाचा, किती काळ, तिथे कोण बसणार, हे करारात नव्हतं. करारात एवढंच होतं, की अटी भिंतीवरील पितळी फलकात लिहिल्याप्रमाणे.

सगळे पाटीसमोर जाऊन उभे राहिले. पाटीत सगळ्यांचे चेहरे दिसले.

इतकी वर्षं पाटीला पाठ लावून बसलेली ती लिहिणारी माणसं, पण अटी कुणालाच सांगता येईनात. एकाला ‘कायमस्वरूपी’ हा शब्द आठवत होता. दुसरा म्हणाला, कायमस्वरूपी हा तुझ्या अर्जातला शब्द, पाटीवर ‘निरंतर’ होतं. तिसऱ्याला शहराचं चिन्ह तेवढं आठवत होतं. फोटो होते, एकाच्या मुलाच्या लग्नातला, एका पर्यटकाने पाठवलेला. प्रत्येक फोटोत पाटीच्या जागी लख्ख पांढरा चौकोन.

तुमचीच करामत लखलख मावशी, असं कुणीतरी हसत म्हणालं. वाईट हेतूने नाही. ती घरी गेली आणि जेवली नाही. मुलगा म्हणाला, आई, पितळ आहे ते, झिजायचंच. सून म्हणाली, पगार त्याचाच देत होते ना. दोघांचंही बरोबर होतं. पण हायसं वाटण्याचा पगार कुणी दिला नव्हता, ते तिचं स्वतःचं होतं.

नगरपालिकेने सुनावणी बोळातच ठेवली होती. त्या सकाळी दीर तिच्या घरी आला. चहा पुढे आला तरी कपाला हात लावेना. नगरपालिकेच्या अधिकाऱ्याने म्हणे सांगितलं होतं, की पाटी नुसती झिजली असेल, किंवा कुणी आपल्या मनाने घालवली असेल, तर नाइलाज आहे. पण इमारतीच्या माणसांनी सांगून घालवली असेल तर त्याचा फायदा मालकाला घेता येणार नाही, बोळ आहे तसा राहील.

“मुकादमानं घासायला लावलं, एवढंच सांगायचं,” दीर म्हणाला. “खोटं काय आहे त्यात?”

“घासायला लावलं, खरं आहे. पुसून टाकायला नाही लावलं.”

“वहिनी, एवढा फरक कोण बघतो?”

“मुकादमांचं काय होईल मग?”

मुकादमाला निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते हे दिरालाही ठाऊक होतं. दोघं कधीकधी एकाच डब्यातून जेवत. तो कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, या वयात मी टेबल घेऊन कुठल्या झाडाखाली जाऊ. ते त्याने भांडणासारखं म्हटलं नाही. पत्ता विचारावा तसं म्हटलं.

तिचं खरं संकट त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं, वहिनी मुकादमासाठी अडलीय. आणि तिला दिसत होतं, की एका वाक्यात तिची सुटका आहे. ते वाक्य बोललं की दिराचं टेबल वाचतं आणि ती निर्मळ होते, तिच्याच पाटीसारखी.

बोळात एक टेबल मोकळं करून अधिकाऱ्याला बसवलं होतं. दिवस मावळतीकडे झुकला होता आणि बाजारपेठेकडून येणारी माणसं, पिशव्या सावरत, कडेकडेने जात होती. मालकाचा वकील तरुण होता, अदबीचा. मुकादम भिंतीला टेकून उभा होता, किल्ल्यांचा जुडगा पोटाशी धरून. तिला बघून त्याने बसा बसा अशी खूण केली आणि स्वतःच स्टूल पुढे सरकवलं.

अधिकाऱ्याचा कारकून आला नव्हता. आता जबाब कोण टाइप करणार म्हणून अधिकारी इकडेतिकडे बघू लागला, आणि त्याला हसूच आलं. बोळभर टाइपरायटर मांडलेले होते. जवळचं यंत्र दिराचं. अधिकाऱ्याने वकिलाकडे पाहिलं. वकील म्हणाला, टाइप कुणीही करावं, शब्द बाईंचे असले म्हणजे झालं.

दिराने कागद चढवला.

नाव, वय, काम. यंत्र खडखडत होतं. पाटीवर अक्षरं होती का? होती. काय होतं? ठाऊक नाही. वाचता येतं का? येतं. मग वाचलं कसं नाही? यावर तिने मान खाली घातली आणि अधिकाऱ्यानेही लावून धरलं नाही. मग त्याने विचारलं, पूड कुणी दिली? मुकादमांनी. काय म्हणून दिली?

मुकादमाने जुडगा या हातातून त्या हातात घेतला.

“चमकवा म्हणाले,” ती म्हणाली. “अक्षरं घालवा असं कुणी म्हणालं नाही. अक्षरं जाताना मला कळत होतं. कापड अडायचं थांबलं होतं. मला बरं वाटलं. थोडी राहिली होती, ती मी मुद्दाम घालवली.”

अर्जवाल्यांपैकी एकाने चष्मा काढला आणि तो हातात धरून तसाच बसला. तिची मान खाली होती, पण कान यंत्राकडे होते. इतकी वर्षं ते यंत्र तिने ऐकलं होतं. तिचं बोलणं संपलं होतं तरी ते थांबलं नव्हतं. थांबलं, परत चाललं, एक ओळ अधिकची गेली.

दिराने कागद काढला, तिच्यापुढे ठेवला, त्यावर पेन ठेवलं. सही करा वहिनी, म्हणाला. नजर दिली नाही.

एरवी तिने केलीच असती. बँकेत, शाळेत, दवाखान्यात, दीर बोट ठेवी तिथे ती सही करत आली होती. आज तिने कागद उचलला आणि वाचायला घेतला. ओठ हलवत, एकेक शब्द. वाट बघणाऱ्यांना ते फार लांबलं. बाजारातून येणारी एक बाई, काय चाललंय म्हणून थांबली आणि काही कळेना म्हणून गेली.

शेवटच्या ओळीत होतं: मुकादमांनी मला फलकावरील अक्षरे पुसून टाकायला लावली.

तिने वर पाहिलं. दीर यंत्राच्या फितीशी उगाच चाळा करत होता. त्याची बोटं शाईने काळी झाली होती, ती नेहमीच काळी असत. नवरा गेला त्या दिवशी तिच्या मुलाच्या डोक्यावरून फिरत होती तीच बोटं. पलीकडे मुकादम तिच्याकडे बघून किंचित हसला, काय लिहिलंय ते माहीत नसलेल्या माणसाचं हसू.

तिने पेन उचललं. ‘मुकादमांनी मला’ यावर रेघ मारली. वर लिहिलं, ‘मी’. मग ओळीचे शेवटचे दोन शब्द खोडले आणि त्यांच्यावर, शाळेतल्या मुलीसारखं दाबून, ‘टाकली’ असं लिहिलं. खाली सही केली. कागद अधिकाऱ्यापुढे सरकवला. त्याने ओळ आधी खोडलेल्या शब्दांसकट आणि मग दुरुस्त केलेली, अशी दोनदा मोठ्याने वाचली, कारण तसा नियम होता. मी फलकावरील अक्षरे पुसून टाकली.

वकिलाने पुस्तक मिटलं. मुकादमाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त त्यातला रंग उतरला होता. आपल्या बाबतीत काय होता होता राहिलं ते त्याला आता समजलं होतं.

“वहिनी,” दीर म्हणाला. पुढे काही म्हणायला त्याने तोंड उघडलं. दोष देणार होता की माफी मागणार होता हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.

ती स्टुलावरून उठली. पदर सारखा केला. अर्जवाल्यांनी पाय आत घेऊन वाट दिली, आणि टेबलांच्या रांगेला वळसा घालून, बाजारपेठेकडच्या तोंडाने, ती बाहेर पडली.