सोमाचं उतरलेलं दुखणं

हे मी कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ बोलायला हवं होतं त्या सरांजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

आधी सरांबद्दल सांगते — एक तर त्यांच्याबद्दल बोलायला मला आवडतं, आणि खरं म्हणजे तेवढाच मूळ विषय लांबतो. गंगापूर रोडला त्यांचं हाडांचं हॉस्पिटल होतं. ऐंशीच्या आसपासचे दिवस. मी मुंबईहून फिजिओथेरपी शिकून आलेली, पण नाशिकमधल्या बऱ्याच जणांच्या लेखी मालिशवाली. सरांच्या लेखी नाही. ते मला राउंडला शेजारी उभं करायचे, माझं मत विचारायचे आणि पटलं तर सगळ्यांदेखत आपलं बदलायचे. नवं हत्यार हातात आलं की आधी हरखायचे आणि लगेच विचारायचे, "हे चांगलं कशावरून?" विक्रेते त्यांना जाम टरकून असायचे. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

अशा माणसाची शाबासकी कुणाला नको असते? मला तर फारच हवी होती.

मुंबईच्या एका कंपनीचं यंत्र मी वापरून बघायला आणलं होतं. कातडीवर पट्ट्या चिकटवायच्या, विजेच्या बारीक झिणझिण्या सोडायच्या, की औषधाशिवाय दुखणं कमी. सर म्हणाले, "कौतुक नको, पुरावा दे. पेशंटला आधी विचार, नंतर विचार. तो सांगेल ते खरं."

तो सांगेल ते — आणि तो काय सांगेल, हे विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरत असेल तर?

सोमा हरसूलकडचा. टपालाची थैली घेऊन डोंगरातल्या पाड्यांवर पायी फिरायचा, तीच त्याची नोकरी. लाकडांची गाडी उलटून त्याची नडगी मोडली. सरांनी सकाळी प्लास्टर घातलं, आणि ऑपरेशनला आत जाताना मला बजावलं, "सूज येऊन आतल्या आत दाब वाढला तर पोटरीचं रक्त थांबतं. दाब मोजायचं साधन आपल्याकडे नाही. त्याचं दुखणं हेच आपलं साधन. वाढलं तर मला टेबलावरून उठव."

दुपारी ते वाढलं. आणि मी काय केलं? मला वाटलं — हाच तो पेशंट! एवढं मोठं दुखणं उतरवून दाखवलं तर सरांना आणखी काय पुरावा लागणार? मी त्याच्या मांडीला पट्ट्या लावल्या. जरा वेळाने विचारलं.

"नाय बाई. आतून फाटतंय जनू."

मी पुन्हा विचारलं. या वेळी हसून. "थोडं तरी कमी झालं असेल ना रे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. समोरच्याचं मन मोडायचं त्याच्या जिवावर येतं, हे मला सकाळपासूनच्या त्याच्या बोलण्यावरून ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तसं विचारलं.

"तुमी म्हंता तं झालं आसंल."

मी आत निरोप पाठवला — यंत्र लावलं, दुखणं उतरलंय. सरांनी पुढची केस घेतली.

संध्याकाळी सर बाहेर आले, त्यांनी सोमाच्या पायाचा अंगठा खाली वाकवून बघितला, आणि तो किंचाळला. प्लास्टर तिथल्या तिथे कापलं, त्याला आत नेलं, पोटरीवरची घट्ट आवरणं उभी चिरली. सरांचे हात इतके शांत होते, की त्या घटकेलाही मी कौतुकाने बघत राहिले. काय म्हणावं मला? मान वर न करता त्यांनी विचारलं, "कधीपासून वाढलं?"

"आत्ताच, सर," मी म्हटलं.

पाय वाचला. पाऊल मात्र पुन्हा वर उचललं नाही, भुईवर घासत राहिलं. टपालाची थैली दुसऱ्याच्या खांद्यावर गेली. सरांनी सोमाला पट्ट्याचा बूट करून दिला, हॉस्पिटलमध्येच काम दिलं, आणि मला म्हणाले, "तुझ्या यंत्राने काम केलं. चूक माझ्या प्लास्टरची." यंत्र त्यांनी विकत घेतलं.

पुढे प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला ते हीच केस सांगायचे. माझ्या हातून एक पाऊल गेलं, दुखत नव्हतं म्हणून मी गाफील राहिलो, तुम्ही राहू नका. एवढा मोठा माणूस आपली चूक अशी उघड सांगतो, म्हणून ती पोरं भारावून जायची. मी पुढच्याच खुर्चीवर असायचे. मीही भारावायचे — हे खोटं नाही.

सर निवृत्त झाले त्या समारंभात त्यांनी सोमाला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर त्याला हात जोडले. तो बिचारा गडबडून गेला. नंतर चहाच्या वेळी माझ्याजवळ आला, हळूच म्हणाला, "बाई, सांगून टाकू का सायबांना? त्या दिशी मीच लबाड बोललो ना, कमी झालं म्हनून. ते उगंच सवताला बोल लावत्यात."

सर समोरच उभे होते, हातात कप घेऊन. मी हाक मारली असती तर वळले असते.

"राहू दे, सोमा," मी म्हटलं. "कशाला आता."

तो बरं म्हणाला, आणि पाऊल घासत रिकामे कप गोळा करायला गेला.